हिमकण, गारा आणि फ्रीजरमधला बर्फ: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये वळीव येऊन गेला, की पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या रविवारच्या विज्ञान वर्गात दुसरा विषय निघत नाही. कुणाच्या पत्र्यावर किती गारा पडल्या, कुणी डब्यात भरून ठेवल्या, कुणाच्या आजीनं त्या माठात टाकल्या. त्या गप्पांतून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही मुलांचे, काही पालकांचे, एक फौजेतल्या माणसाचा आणि एक साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांचा. काकांच्या प्रश्नानं आम्हालाच बरंच शिकवलं.

कोल्हापुरात बर्फ पडतच नाही. मग हिमकणांचा अभ्यास करून आम्ही काय करायचं?

पडतो की. फक्त खाली पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं. उन्हाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येतं, म्हणजे कळसूबाई शिखराच्या तिप्पट उंचीवर. वळवाचे ढग त्याच्याही दुप्पट-तिप्पट उंच जातात. त्यांच्या वरच्या भागात भर मे महिन्यात हिम तयार होत असतं. ते खाली येताना वितळतं आणि आपण त्याला टपोरे थेंब म्हणतो.

गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या जुलैमधल्या पावसाची गोष्ट वेगळी आहे. घाटावर अडलेले ते ढग बहुतेक वेळा बुटके असतात. त्यांच्यात बर्फापर्यंत मजल जातच नाही, थेंबाला थेंब चिकटून पाऊस होतो. तेव्हा पंचगंगेच्या पुराचं खापर हिमकणांवर फोडता येणार नाही.

हिम, बर्फ, गार, दंव यांत फरक काय? आम्ही सगळ्याला बर्फच म्हणतो.

बोलताना म्हणा, काही बिघडत नाही. अभ्यास करताना मात्र एक प्रश्न विचारायचा: हे वाफेपासून झालं की पाण्यापासून?

वाफ थेट गोठून ढगात जो स्फटिक वाढतो तो हिमस्फटिक. असे बरेच स्फटिक एकमेकांत अडकून कापसाच्या पुंजक्यासारखे खाली येतात, ते हिमाचे पुंजके. गार पाण्यापासून होते, ढगातले अतिथंड, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब एकावर एक गोठून. व्यास पाच मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामानशास्त्रात तिला गार म्हणतात. शीतपेटीतला क्यूबही पाण्याचाच. दंव म्हणजे गवतावर जमलेलं पाणी, त्यात बर्फ नाही.

मग महाबळेश्वरला दर हिवाळ्यात 'बर्फ पडला' अशी बातमी येते ती?

पडलेला नसतो, जमलेला असतो. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तापमापक माणसाच्या उंचीवर चार-पाच अंश दाखवत असला तरी गवताची पात, गाडीचं टप, स्ट्रॉबेरीचं पान शून्याखाली गेलेलं असतं. आधी पडलेलं दंव त्यावर गोठतं, किंवा वाफ थेट पांढऱ्या सुयांच्या रूपात बसते. भिंगातून बघितलं तर दोन्ही ओळखू येतात: गोठलेलं दंव गोल मण्यासारखं, वाफेपासून झालेलं हिमतुषार टोकदार आणि कडा असलेलं. सकाळी सात वाजता पोचलात तर दिसेल. नाश्ता करून निघालात तर ओलं गवत दिसेल.

हिमस्फटिकाला सहाच बाजू का?

हा प्रश्न योहान्स केप्लरनं १६११ मध्ये विचारला होता. ग्रहांच्या कक्षा शोधणारा माणूस, अंगावर पडलेलं हिम बघून अडला. गोळ्या दाटीनं रचल्या की षटकोन तयार होतात, हे त्याला सुचलं. पण पाण्याचा रेणू कसा असतो हे कळायला आणखी तीनशे वर्षं जायची होती, त्यामुळे उत्तर अर्धंच राहिलं.

आता ते सोपं आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंना धरून असतो आणि ही रचना सहा-सहाच्या कड्यांची होते. या कड्यांच्या मध्ये मोकळी जागा राहते. म्हणून गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅम.

रेणूंचा षटकोन डोळ्यांना दिसेल इतका मोठा कसा होतो, हा खरा मजेचा भाग. सुरुवातीला बारीकशी षटकोनी चकती असते. तिचे कोपरे आजूबाजूच्या दमट हवेत जास्त घुसलेले असतात, त्यांना वाफ जास्त मिळते, ते पुढे वाढतात. पुढे वाढल्यामुळे आणखी जास्त मिळते. अशा सहा फांद्या फुटतात. एक फांदी दुसरीला निरोप पाठवत नाही. सहाही जणी एकाच हवेतून, एकाच वेळी प्रवास करत असतात म्हणून सारख्या दिसतात.

जाता जाता: शाळेच्या फलकावर कागदाचे आठ पाकळ्यांचे हिमस्फटिक कापून लावतात, ते चूक आहे. कागद आधी अर्धा दुमडा, मग त्याची घडी तीन भागांत घाला, मग पुन्हा अर्धी. सहा येतील.

दोन हिमस्फटिक कधीच सारखे नसतात, हे खरं का?

नक्षीदार, फांद्याफांद्यांचे असतील तर व्यवहारात खरं. एक मिलिग्रॅम बर्फात पाण्याचे सुमारे ३३ कोटी गुणिले दहा हजार कोटी रेणू असतात. ते दोनदा हुबेहूब तसेच रचले जाण्याची वाट बघत बसायला कुणाला वेळ आहे? पण साधे षटकोनी खांब आणि चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली अगदी जुळ्यांसारख्या दिसू शकतात. प्रयोगशाळेत एकाच हवेत शेजारी-शेजारी वाढवलेले स्फटिकही तसेच निघतात.

आकार ठरवतं कोण? कधी सुई, कधी चांदणी, असं का?

तापमान आणि हवेतली वाफ. हे शोधलं जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी. ते मुळात अणुभौतिकीतले. होक्काइदो विद्यापीठात नोकरी लागली, तिथे उपकरणं फारशी नव्हती आणि हिम मात्र ढिगानं होतं. मग त्यांनी हिमच घेतलं. कृत्रिम स्फटिक हवेत तरंगत वाढवता येईना, म्हणून कशावर तरी टांगून वाढवायचं ठरलं. सुती दोरा, रेशीम, नाना धागे वापरून बघितले. सगळ्यांवर बर्फाची नुसती लोकर धरायची. शेवटी सशाच्या केसानं काम केलं. त्या केसावर ठरावीक अंतरानं बारीक गाठी असतात, तिथेच सुटे स्फटिक धरले. ते वर्ष १९३६.

पुढे त्यांनी जो आलेख काढला तो आजही वापरतात. शून्य ते उणे चारच्या आसपास चपट्या चकत्या. उणे पाचला एकदम सुया आणि पोकळ खांब. उणे दहाच्या पुढे परत चकत्या आणि उणे पंधराच्या आसपास हवा भरपूर दमट असेल तर त्या प्रसिद्ध फांद्यांच्या चांदण्या. आणखी खाली, उणे बावीसच्या पुढे, पुन्हा खांब. चकती, खांब, चकती, खांब असा हा उलटसुलट खेळ का होतो, यावर अजूनही काम चालू आहे.

म्हणून नाकाया म्हणायचे की हिम हे आकाशातून आलेलं पत्र आहे. यात कविता आहे, पण हिशोबही आहे. मधे खांब आणि दोन्ही टोकांना चकत्या, असा दोऱ्याच्या रिळासारखा स्फटिक सापडला, की तो आधी खांबाच्या तापमानातून आणि मग चकतीच्या तापमानातून गेला, हे ढगात न जाता सांगता येतं.

साखर कारखान्यात आम्ही पॅनमध्ये सीड सोडल्याशिवाय दाणा धरत नाही. ढगात सीड कोण सोडतं?

हाच तो काकांचा प्रश्न. आयुष्य पॅनवर गेलेलं. निर्वात पॅनमध्ये सिरप आटवत आणायचं, ते अतिसंपृक्त झालं, म्हणजे मावेल त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली असली, की बारीक साखरेचं सीड सोडायचं, काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दिव्यासमोर धरायचा आणि दाणा बघायचा. उशीर झाला तर नको तिथे आपोआप बारीक दाणा सुटतो. त्याला ते फॉल्स ग्रेन म्हणतात आणि मग सगळी पाळी बिघडते.

ढगाचं तंत्र जवळजवळ हेच. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याला गोठत नाही. काही आधार मिळाला नाही तर तो उणे ३८ पर्यंत पाणीच राहू शकतो. आधार म्हणजे मातीचा कण, काजळी, परागाचा तुकडा, नाहीतर जिवाणू. स्यूडोमोनस सिरिंगी नावाचा पिकांच्या पानांवर राहणारा जिवाणू या कामात इतका तरबेज आहे, की उणे दोन-तीनलाच पाणी गोठवतो. परदेशात स्कीच्या उतारांवर कृत्रिम हिम पाडायलाही त्याची प्रथिनं वापरतात.

एकदा एक स्फटिक धरला की पुढचं काम झपाट्यानं होतं. त्याच थंडीत बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा कमी असतो, म्हणून आजूबाजूच्या थेंबांची वाफ होऊन ती स्फटिकावर जाऊन बसते. थेंब आटतात, स्फटिक गुबगुबीत होतो. खंडं सरकतात म्हणणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरनं हे १९११ मध्ये सुचवलं होतं.

माणसानं सीड सोडायचा शोध १९४६ चा. अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर एका साध्या फ्रीजरपेटीत श्वास सोडून ढग करत होता. पेटी पुरेशी थंड होईना म्हणून त्यानं कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुकडा टाकला आणि सगळी पेटी चमचमत्या स्फटिकांनी भरली. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगटनं सिल्व्हर आयोडाइड शोधलं, कारण त्याची रचना बर्फाच्या रचनेशी जुळते. सीड जास्त झालं तर ढगातही फॉल्स ग्रेनच होतो: असंख्य बारके स्फटिक, आणि खाली पडायला एकही मोठा नाही. हे ऐकून काका एवढंच म्हणाले, "मग तिथं पण अनुभवी पॅनमन लागतोय म्हणा."

सोलापूरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं जे ढगबीजनाचे प्रयोग केले, त्यात सिल्व्हर आयोडाइड नव्हे तर कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठ वापरलं होतं. ते ढगाच्या तळाशी, बर्फाच्या खालच्या भागात चालतं. दोन्ही गोष्टींना वर्तमानपत्रं सरसकट 'कृत्रिम पाऊस' म्हणतात, म्हणून हा खुलासा.

गार कापून बघितली तर आत काय दिसतं?

कापू नका, फुटते. आम्ही घासतो. एक पितळी ताट उपडं घालायचं, गार चिमट्यात धरून त्यावर गोल गोल फिरवायची. पितळ खोलीच्या तापमानाचं असतं आणि उष्णता पटकन देतं, त्यामुळे ती बाजू सपाट होत जाते. मग उलटी करून दुसरी बाजू. दोन-तीन मिनिटांत चार मिलिमीटर जाडीची चकती हातात राहते. पाणी टिपून काळ्या कागदावर ठेवायची आणि बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारायचा.

गेल्या वळवातल्या सुपारीएवढ्या एका गारेत मधे दुधी ठिपका होता, थोडा एका बाजूला सरकलेला. त्याभोवती काचेसारखं पारदर्शक कडं, त्याबाहेर पुन्हा दुधी आणि सगळ्यात बाहेर एक पातळ पारदर्शक साल. दुधी भागात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दाटीनं बसले होते. पारदर्शक कड्यात एखाद-दुसराच, तोही लांबट, बाहेरच्या दिशेनं ओढल्यासारखा.

अर्थ असा: थेंब आदळताक्षणी गोठला तर हवा आत अडकते आणि थर पांढरा होतो. पाणी इतकं मिळालं की गोठताना निघणारी उष्णता लगेच बाहेर जाऊ शकत नाही, तर पृष्ठभाग ओला राहतो, हवेला सुटायला वेळ मिळतो आणि थर पारदर्शक होतो. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी बाहेर टाकतं, ही काही थोडी उष्णता नाही.

गार खाली-वर, खाली-वर अशा फेऱ्या मारते आणि दर फेरीला एक थर चढतो, असं आपण शाळेत शिकलो. थर मोजून फेऱ्या सांगायची आमची हौस त्यामुळेच. पण बऱ्याच गारा वर चढणाऱ्या झोतात एकाच लांब प्रवासात वाढतात. वाटेत कुठे पाणी जास्त, कुठे कमी, एवढ्यानंही थर पडतात.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या स्क्रीनच्या दोन पोलरायझर फिल्म मिळाल्या तर चकती त्यांच्यामध्ये धरून एक फिल्म फिरवा. रंगांचे तुकडे उमटतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र स्फटिक.

सर, गारा खाल्ल्या तर चालतंय काय?

एखादी खाल्ल्यानं कुणाला काही झालेलं आम्ही बघितलेलं नाही आणि आम्हीही लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात वेचून खाल्ल्यात. पण वरचं काकांच्या प्रश्नाचं उत्तर आठवा: गारेच्या पोटात धूळ आणि जिवाणू असतात. शिवाय ती तुमच्या हातात येण्याआधी पत्र्यावरून घरंगळत आलेली असते आणि पत्र्यावर पारवे बसतात.

गारपीट थांबवणाऱ्या तोफा मिळतात म्हणे. घ्याव्यात का?

नको. मोठा आवाज करून गार मोडते याला शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक हवामान संघटनेनंही स्पष्ट केलेलं आहे. ज्या ढगात मेघगर्जना आधीच चालू आहे, त्याला तोफेचं काय कौतुक? फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीनं जी दैना केली, तिच्यानंतर अशी यंत्रं विकणारे वाढले. फळबागेला जाळी लावा, तिचा उपयोग होतो.

बर्फ पारदर्शक, मग हिम पांढरं का?

खडीसाखर पारदर्शक आणि पिठीसाखर पांढरी का, तसंच. कणाकणाच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो, परततो आणि सगळे रंग मिळून बाहेर येतो. ताजं हिम अंगावर पडलेला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतं. म्हणून तिथे गॉगल लागतो.

बर्फाचा गोळा काडीला चिकटतो कसा? त्यात डिंक तर नसतो.

रंकाळ्यावर गोळेवाल्याचे हात बघा, सरबताकडे नंतर बघा. किसलेला बर्फ ओंजळीत घेऊन तो एकदाच जोरात दाबतो, मग काडी खुपसून थोडा फिरवतो आणि पुन्हा दाबतो. पहिल्या दाबात कण एकमेकांना टेकतात. दुसऱ्यापर्यंत ते चिकटलेले असतात.

बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्यांसारखे घट्ट धरलेले नसतात. शून्याच्या थोडं खालीसुद्धा तिथे पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. दोन तुकडे टेकले की तो थर दोघांच्या मधे सापडतो, आता तो 'पृष्ठभाग' राहत नाही आणि गोठतो. मायकेल फॅरडेनं १८५० मध्ये हे दाखवलं होतं. नंतर नुसतं ठेवून दिलं तरी दोन कणांमधली मान जाड होत जाते. लोखंडाची भुकटी न वितळवता तापवून भाग बनवतात, त्याला आपल्या फाउंड्रीवाल्यांत सिंटरिंग म्हणतात. शिरोली-गोकुळ शिरगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हिम सदैव आपल्या वितळणबिंदूच्या जवळ राहतं, म्हणून ते स्वस्थ बसत नाही.

फार थंडीत हा थर इतका पातळ होतो, की कोरड्या हिमाचा गोळा वळतच नाही. हातातून पिठासारखं गळतं.

मी सियाचीनला होतो. तिथे काही ठिकाणी पाय टाकला की 'धप्प' असा आवाज येऊन आजूबाजूचं हिम खाली बसायचं. आमचे साहेब लगेच मागे फिरवायचे. का?

सैनिक टाकळीच्या एका जवानानं सुट्टीवर आल्यावर हे विचारलं. साहेबांनी बरोबर केलं.

ताजं हिम म्हणजे नव्वद टक्के हवा. घन मीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे पाण्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढं. हवा अडकलेली असल्यामुळे ते गोधडीसारखं काम करतं. वर उणे वीस असलं तरी एक मीटर हिमाखाली जमीन शून्याच्या आसपास राहते. म्हणजे एका मीटरमध्ये वीस अंशांचा फरक. मीटरला दहा अंशांच्या पुढे गेलं की आतल्या आत एक घडामोड सुरू होते: खालच्या उबदार कणांची वाफ होते, ती वर सरकते आणि वरच्या थंड कणांच्या बुडाशी बसते. काही दिवसांत मूळच्या चांदण्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे, पेल्यासारखे पोकळ, काही मिलिमीटरचे मोठे स्फटिक तयार होतात. हातात घेतले तर जाड साखरेसारखे सुटे. एकमेकांना धरून राहत नाहीत.

अशा साखरेवर वरून वाऱ्यानं दाबलेली घट्ट लादी बसली, की सापळा तयार. पाय पडला, खालचा थर कोसळला, मधली हवा बाहेर पडली: तोच तो 'धप्प'. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर ती लादी तिथेच न बसता सुटते. मनालीला १९६९ पासून हिम आणि हिमस्खलनावर काम करणारी आपल्या संरक्षण संशोधन खात्याची संस्था होती. २०२० मध्ये ती चंदीगडच्या नव्या संस्थेत विलीन झाली. हिमात खड्डा खणून थराथराचे कण भिंगाखाली बघणं, तापमान घेणं, तुकडा तोलणं, हे या अभ्यासाचं रोजचं काम.

असे पेल्यासारखे स्फटिक इथे बघायला मिळतील?

तुमच्या फ्रीजरमध्ये आहेत. डिसेंबरात सोलून ठेवलेल्या मटारची पिशवी मेमध्ये काढा. आतल्या बाजूला जो 'भुगा' जमतो तो फेकू नका. फ्रीजर चालू-बंद होताना तापमान वर-खाली होतं, मटारातलं पाणी वाफ होऊन पिशवीच्या थंड बाजूला बसतं, तेच सियाचीनचं गणित. काळं कापड आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, त्यावर भुगा पसरा, श्वास रोखून भिंगातून बघा. कडा आणि पायऱ्या स्पष्ट दिसतात, वीस-पंचवीस सेकंद.

कुलू-मनालीला चाललोय. सोबत काय न्यावं?

गुजरीत सोनाराचं दहापट भिंग मिळतं, ते न्या. काळी लोकरी टोपी किंवा हातमोजा, कारण लोकरीच्या तंतूंवर स्फटिक अधांतरी राहतो आणि लगेच वितळत नाही. मिलिमीटरची पट्टी. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली यानं १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिला हिमस्फटिक टिपला आणि पुढे पाच हजारांवर छायाचित्रं काढली. तो स्फटिक हलवायला झाडूची काडी आणि पिसं वापरायचा. काडी घरातलीच चालेल.

चांदण्याच मिळतील अशी आशा धरू नका. आकार हॉटेलच्या अंगणातल्या थंडीवर नव्हे, ढगातल्या थंडीवर ठरतो. बहुतेक वेळा मोडके तुकडे, खांब आणि साबुदाण्यासारखे गोळे मिळतात. तेही नोंदवा.

आणि पाण्याचा हिशोब करायचा असेल तर स्टीलचा उभा डबा हिमात उलटा खुपसून गच्च न दाबता भरा, उंची मोजा, वितळू द्या, पुन्हा मोजा. दहा सेंटिमीटरचं एक सेंटिमीटरच्या आसपास उतरतं. फार जास्त उतरलं तर ते ताजं नव्हतं.

आमच्याकडे गारा पडल्या तर तुमच्याकडे आणून देऊ का?

जरूर. धुऊ नका. प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डबा आधी फ्रीजरमध्ये गार केलेला असेल तर उत्तम. झाकणावर तारीख, वेळ आणि गल्ली लिहा. शक्य तितक्या लवकर आणा, कारण फ्रीजरमध्येही गार महिन्याभरात वाफ होऊन बारीक होते आणि झाकणाला आतून हिमाची लव धरते. ती लवही पुसू नका. येताना डबा गाडीच्या डिकीत नको, मे महिन्यातली डिकी म्हणजे भट्टी. मांडीवर धरून आणा, टॉवेलात गुंडाळून.